भूक त्याची, निवड आपली

कुत्र्याला काय खाऊ घालावे हा प्रश्न प्रथमदर्शनी पशुवैद्याच्या, फार तर दुकानदाराच्या कक्षेतला वाटतो. नीतिविचार करणाऱ्याने लक्ष घालावे असे त्यात काय आहे, असे कोणी विचारले तर ते स्वाभाविकच म्हटले पाहिजे. परंतु आपण दररोज ज्या असंख्य निवडी करतो त्यांत ही निवड काहीशी वेगळी आहे. माणूस सामान्यतः स्वतःचे अन्न स्वतः निवडतो. तान्ह्या मुलासाठी आई निवड करते खरी. पण ते मूल बोलू लागले की ताट पुढे ओढते किंवा मागे ढकलते, आणि यथाकाल स्वतःचे घर मांडून स्वतःच्या चवीने जेवू लागते. रुग्णालयातला रुग्ण आणि वसतिगृहातला विद्यार्थी यांनाही निदान कुरकुर करण्याची सोय असते. घरात पाळलेला कुत्रा मात्र पूर्ण वयात आल्यानंतरही, अखेरच्या दिवसापर्यंत, दुसऱ्याने निवडलेलेच अन्न खातो. भूक त्याची असते आणि निवड आपली असते. जेथे एकाने ठरवायचे आणि दुसऱ्याने त्याचा परिणाम आपल्या शरीरावर सोसायचा अशी स्थिती असते, तेथे नीतीचा प्रश्न उभा राहतोच. मग ती गोष्ट वरवर कितीही किरकोळ दिसो.

येथे विचार करावयाचा आहे तो प्रौढ कुत्र्याचा, आणि त्याला कारण आहे. पिल्लू घरात आले की सारे घर त्याच्याभोवती गोळा होते. त्याचे दूध, पेज, औषध, लस यांची कोणी ना कोणी आठवण ठेवतो. म्हाताऱ्या कुत्र्याविषयी करुणा वाटते. या दोहोंमधला काळ मोठा असतो. लहान जातीचा कुत्रा साधारण वर्षाचा झाला की प्रौढ होतो, थोराड जातींना दीड ते दोन वर्षे लागतात. तेथून पुढे कितीतरी वर्षे तो घराच्या सवयीचा एक भाग होऊन राहतो. तो आजारी नसतो आणि पूर्वीसारखा गोजिरवाणाही उरलेला नसतो. समोर येईल ते खातो आणि दाराशी जाऊन बसतो. आपली खरी वृत्ती कळते ती याच काळात. कारण त्या वेळी आपल्याला कौतुकही भाग पाडत नसते आणि कळवळाही.

पूर्वी आपल्या खेड्यापाड्यांत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. वसईच्या वाड्यांतून काय किंवा देशावरच्या वस्त्यांतून काय, कुत्र्याचा वाटा जणू ठरलेला असे: चतकोर भाकरी, उरलेली पेज, भाताची खरवड, कधी माशाचे डोके. त्याच्यासाठी वेगळे कोणी शिजवीत नसे. आज त्या पद्धतीला नावे ठेवणे सोपे आहे. पण ती सर्वस्वी अडाणीपणाची नव्हती. लांडग्याचा वंशज असला तरी कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या चुलीजवळ राहिला आहे, आणि त्या सहवासाची खूण त्याच्या शरीरात उतरली आहे. २०१३ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की, पिष्टमय अन्न पचविण्यास साहाय्य करणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत आढळतात. भाकरी पचविण्याची शक्ती त्याने माणसाच्या संगतीत मिळविली आहे. शिवाय वाडीतला कुत्रा केवळ त्या चतकोरावर जगत नसे. तो दिवसभर मोकळा हिंडे, उंदीर-घुशी धरी, मासळीबाजाराच्या कडेने फेरी मारून येई. त्या मोकळेपणाची किंमतही होतीच. खरूज, जंत आणि अकाली मरण हे त्याच्या पाचवीला पुजलेले होते. तरीही आपण दिलेले अन्न हा त्याच्या आहाराचा केवळ एक हिस्सा होता आणि उरलेल्याची तजवीज तो स्वतः करीत असे.

आता चित्र पालटले आहे. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि कुत्रा तिसऱ्या मजल्यावर राहू लागला. सकाळ-संध्याकाळ साखळीला धरून त्याला खाली नेले जाते. रस्त्यावर काही हुंगू लागला तर आपण दरडावतो. पुष्कळदा त्याची नसबंदी झालेली असते, आणि त्यानंतर त्याच्या शरीराची अन्नाची गरज घटते. हे सारे त्याच्या आणि शेजाऱ्यांच्या हिताचेच आहे, यात शंका नाही. परंतु त्याचा परिणाम असा झाला आहे की, त्याच्या पोटात जे काही जाते ते आपल्याच हातून जाते. त्याला कमी पडले तर भरून काढण्याची दुसरी वाट त्याला उरलेली नाही. जास्त झाले तर ते जिरविण्याचीही नाही. ज्या प्रमाणात आपण त्याचे स्वातंत्र्य काढून घेतले, त्या प्रमाणात आपल्यावरची जबाबदारी वाढली. आजोबांनी उरलेसुरले वाढले म्हणून त्यांना दोष लागत नव्हता. तेच आपण आज बंद घरात केले तर लागतो.

या रिकाम्या जागेत बाजार शिरला. त्याचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. जेम्स स्प्राट नावाचा एक अमेरिकन गृहस्थ धंद्यानिमित्त इंग्लंडला आला आणि १८६० च्या सुमारास त्याने गव्हाचे पीठ, भाज्या आणि मांस यांपासून कुत्र्यांसाठी खास बिस्किटे तयार करून विकावयास काढली. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे शिकारी कुत्री बाळगणारे खानदानी इंग्रज. याच कंपनीत नोकरी केलेल्या चार्ल्स क्रफ्ट याने १८९१ साली लंडनमध्ये 'क्रफ्ट्स' हे कुत्र्यांचे सुप्रसिद्ध प्रदर्शन सुरू केले. म्हणजे कुत्र्याच्या खाद्याचा व्यापार आणि कुत्र्याच्या मालकाची प्रतिष्ठा या दोन गोष्टी आरंभापासूनच हातात हात घालून चालत आल्या आहेत. पुढे १९५७ साली उष्णता व दाब यांच्या साहाय्याने फुगविलेले कोरडे दाणे अमेरिकेत बाजारात आले. आज आपल्याकडील दुकानांतून जी पाकिटे रचलेली दिसतात त्यांतले बहुतेक खाद्य याच पद्धतीने बनविलेले असते.

या व्यापारात एक चमत्कारिक गोष्ट आहे. जो विकत घेतो तो खात नाही, आणि जो खातो तो पैसे मोजत नाही. भाजी किडकी निघाली तर आपण भाजीवालीशी भांडतो, कारण ती आपल्या तोंडात जाते. येथे ग्राहक आणि खाणारा हे दोन निरनिराळे जीव असल्यामुळे पाकिटावरचा मजकूर, चित्रे आणि रंग हे सारे खाणाऱ्यासाठी नसून आपल्यासाठी असते. मांसाचा लालभडक तुकडा, हिरवेगार वाटाणे, गाजराच्या चकत्या ही चित्रे माणसाच्या तोंडाला पाणी सुटावे म्हणून छापलेली असतात. तेव्हा चांगल्या खाद्याची निवड करणाऱ्याने प्रथम स्वतःच्या जिभेला आणि डोळ्यांना बाजूला ठेवावयास शिकले पाहिजे.

मग पाहावे काय? पाकिटाच्या दर्शनी बाजूपेक्षा मागची बाजू अधिक खरे बोलते. अमेरिकेत पशुखाद्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांची 'आफ्को' नावाची संघटना आहे. ती स्वतः कोणतेही खाद्य तपासून मंजूर करीत नाही. परंतु तिने ठरविलेली पोषणाची मापे पुष्कळ ठिकाणी प्रमाण मानली जातात. त्या मापांनुसार प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात पाण्याचा अंश वगळून उरलेल्या भागात किमान १८ टक्के प्रथिने आणि ५.५ टक्के स्निग्धांश असावा. वाढत्या पिल्लाला हेच प्रमाण २२.५ आणि ८.५ टक्के लागते. ते खाद्य प्रौढ कुत्र्यासाठी परिपूर्ण व संतुलित आहे, असे विधान पाकिटावर स्पष्ट शब्दांत असावे. नुसते पूरक खाद्य म्हणून विकले जाणारे पदार्थ रोजच्या जेवणाची जागा घेऊ शकत नाहीत.

पाण्याचा अंश वगळणे हे येथे महत्त्वाचे आहे. डब्यातल्या ओल्या खाद्यावर ८ टक्के प्रथिने लिहिलेली पाहून ते निकृष्ट वाटते. पण त्यात ७८ टक्के पाणी असेल तर उरलेल्या २२ भागांतले ८ म्हणजे ३६ टक्क्यांहून अधिक प्रथिने झाली. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि ते वजन शिजविण्यापूर्वीचे धरलेले असते. त्यामुळे पाण्याने जड असलेली ताजी कोंबडी यादीत पहिली दिसली तरी वाळल्यावर तिचा वाटा बराच कमी उरतो. अमेरिकेतील नियमांनुसार पाकिटावर 'अमुक मांसासह' असे लिहावयाचे तर ते मांस ३ टक्के असले तरी चालते, आणि नुसता 'अमुक स्वाद' म्हणावयाचे तर तो स्वाद ओळखू येण्याइतका अंश पुरतो. यात फसवणूक आहेच असे नाही. परंतु जो वाचत नाही त्याच्या अज्ञानावर येथे व्यापार चालू शकतो, हे खरे.

अंतर्गत अवयवांविषयीच्या तिटकाऱ्याचेही तसेच आहे. काळीज, गुर्दा, फुप्फुस यांचा उल्लेख पाहून पुष्कळ मालक नाक मुरडतात. वस्तुतः काळीज हा पोषक पदार्थ आहे, आणि सणासुदीला आवडीने वजरी किंवा सोरपोतेल करणाऱ्या घराने तरी कुत्र्याच्या वतीने असा सोवळेपणा मिरवू नये. कशाचा तिटकारा वाटावा हे आपल्या संस्काराने ठरते. त्याच्या शरीराची गरज त्या संस्काराला विचारून ठरलेली नाही.

पाकिटावरच्या आकड्यांवर तरी किती विसंबावे? २००७ सालच्या मार्च महिन्यात उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांचे खाद्य प्रचंड प्रमाणावर बाजारातून परत घ्यावे लागले. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे रसायन मिसळलेले आढळले होते आणि त्यापायी अनेक जनावरे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. अन्नातील प्रथिने मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत नायट्रोजन मोजला जातो. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असल्यामुळे ते मिसळले की प्रथिनांचा आकडा कागदावर फुगतो. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, हेच रसायन चीनमध्ये बालकांच्या दुधाच्या भुकटीत सापडले. सुमारे ३ लाख बालके आजारी पडली आणि किमान सहा मृत्युमुखी पडली. या दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. ज्याला चव सांगता येत नाही आणि तक्रार करता येत नाही अशाच्या अन्नात भेसळ करणे सर्वांत सोपे असते. मुक्या प्राण्याच्या वाडग्याविषयीची बेपर्वाई ही केवळ प्राण्यापुरती राहील असे मानणाऱ्याने या घटनांचा विचार करावा.

आता निवड करणाऱ्याच्या मनाकडे वळू. आपल्या हातून चुकीची निवड होते ती नेहमीच कंजूषपणामुळे होते असे नाही. पुष्कळदा ती मोठेपणाच्या हौसेतून होते. महाग ते चांगले, परदेशी ते उत्तम, ही समजूत आपल्या हाडीमांसी खिळली आहे. काही वर्षांपूर्वी धान्यविरहित खाद्याची लाट आली. धान्य म्हणजे कुत्र्याला अपायकारक भरताड, अशी हवा निर्माण झाली आणि त्याच्या जागी वाटाणे, मसूर, बटाटे घातलेली महागडी पाकिटे खपू लागली. २०१८ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा काही खाद्यांचा हृदयाच्या एका गंभीर विकाराशी संबंध आहे काय, याची चौकशी सुरू असल्याचे जाहीर केले. २०२२ च्या अखेरीपर्यंत कार्यकारणसंबंध निश्चितपणे सिद्ध झाला नाही, आणि नवे काही हाती येईतो अधिक निवेदने करणार नसल्याचे प्रशासनाने सांगितले. तेव्हा त्या खाद्यांना विषारी ठरविणे उचित होणार नाही. पण ज्या धान्याचा कुत्र्याला उपजत अपाय नव्हता ते टाळण्यासाठी लोकांनी जादा पैसे मोजले, एवढे तर खरेच. ती फॅशन माणसाच्या ताटातून उचलून कुत्र्याच्या वाडग्यात घातलेली होती.

दुसरी चूक लाडाची. तो पाहतो, शेपूट हलवतो, पाय चाटतो. आपले मन विरघळते आणि हात ताटाकडून त्याच्याकडे जातो. अमेरिकेतील एका मोठ्या खाद्य उत्पादक कंपनीने लॅब्रॅडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांवर त्यांच्या जन्मभर चाललेला एक प्रयोग केला व त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. पिल्लांच्या जोड्या लावून त्यांतील एकाला दुसऱ्यापेक्षा चतुर्थांश कमी अन्न देण्यात आले. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे भरले, तर जास्त खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे, सांधेदुखीसारखे विकारही कमी खाणाऱ्यांत उशिरा उद्भवले. खाद्य विकणाऱ्यानेच कमी खाण्याची महती सिद्ध करावी, हा योगायोग मोठा बोलका आहे. कुत्र्याच्या आयुष्यातली जवळजवळ दोन वर्षे आपण मायेने भरवलेल्या घासांत खर्ची पडू शकतात. मायेचे समाधान आपल्याला तत्काळ मिळते आणि त्याचा हिशेब तो पुढे चुकता करतो.

तिसरी चूक तत्त्वाची आहे, आणि ती सज्जनांच्या हातून होते. काही घरांत मांस येत नाही, आणि कुत्र्यालाही ते देऊ नये असे त्यांना मनापासून वाटते. कुत्रा मांजरासारखा निव्वळ मांसावर जगणारा प्राणी नाही. काटेकोरपणे बेतलेल्या मांसविरहित आहारावर तो जगू शकतो. परंतु असा आहार बेतणे हे जाणकाराचे काम आहे. दूधभात वाढून व्रत पाळल्याचे समाधान मानले, तर व्रत आपले आणि उपास त्याचा, असे व्हावयाचे. आपल्या तत्त्वासाठी स्वतः त्याग करणे हे थोरपण आहे. तोच त्याग संमती देऊ न शकणाऱ्या जिवाकडून करवून घेताना, त्याच्या शरीरात काही उणे पडू न देण्याची जोखीम तरी आपण पत्करली पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, या साऱ्या भानगडी नकोत; घरचे अन्नच उत्तम. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धे. आपल्या रश्श्यात कांदा-लसूण असतो आणि कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. द्राक्षे व मनुका त्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, चॉकलेट विषारी ठरते, आणि शिजविलेली हाडे फुटून आतड्यात रुततात. अनेक घरांत रोज भात आणि उकडलेली कोंबडी मोठ्या प्रेमाने दिली जाते. परंतु तेवढ्यावर वर्षानुवर्षे जगणाऱ्या कुत्र्याला कॅल्शियम आणि अन्य कित्येक घटक कमी पडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी पुस्तके व संकेतस्थळे यांतून घरगुती खाद्याच्या २०० कृती गोळा करून तपासल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार सुमारे ९५ टक्के कृतींत एक तरी आवश्यक घटक अपुरा होता. याचा अर्थ घरी शिजवू नये असा नाही. पशुवैद्याकडून प्रमाण बेतून घेऊन भात, अंडी, काटे काढलेली मासळी किंवा कोंबडी, थोडी भाजी आणि सांगितलेली खनिजे-जीवनसत्त्वे असा आहार जरूर द्यावा.

प्रमाणाचा हिशेबही फार अवघड नाही. २० किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण १,०५० किलोकॅलरी पुरतात. १०० ग्रॅमला ३५० किलोकॅलरी देणारे कोरडे खाद्य असेल तर ते ३०० ग्रॅम झाले. प्रत्येक कुत्र्याच्या हालचालीनुसार यात कमीजास्त करावे लागते. वरचा खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावा असे जाणकार सांगतात. तूप लावलेल्या एका पोळीतच तो हिस्सा संपतो. खाद्य बदलावयाचे असेल तर ते आठवडा-दहा दिवसांत हळूहळू बदलावे. आणि निवड बरोबर ठरली की नाही, याचा निवाडा त्याच्या शरीरावरून करावा. बरगड्या हाताला सहज लागतात काय, वरून पाहता कंबर दिसते काय, केस तुकतुकीत आहेत काय, शौच बांधलेले होते काय, चालण्यात उत्साह आहे काय? तो बोलत नाही हे खरे; परंतु त्याचे शरीर अखंड बोलत असते आणि ते ऐकणे ही आपली जबाबदारी आहे.

महाराष्ट्रात संत नामदेवांची एक कथा घरोघर सांगितली जाते. कुत्र्याने भाकरी पळविली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कारण कोरडी भाकरी त्याने कशी खावी? हिंदीत मात्र म्हण आहे की, कुत्र्याला तूप पचत नाही. आणि आजचा पशुवैद्य या म्हणीच्या बाजूने साक्ष देईल, कारण अतिस्निग्ध अन्नाने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मग संताची कथा खोटी ठरते काय? मला तसे वाटत नाही. भाकरी गेली म्हणून हळहळणारे पुष्कळ असतात. त्याला काहीतरी मिळाले, आता आपले काम संपले, असे मानणारे त्याहून पुष्कळ. नामदेवांनी पुढचा प्रश्न विचारला: त्याला मिळाले ते त्याच्यासाठी पुरेसे चांगले आहे काय? कथेचे मर्म त्या धावण्यात आहे. आज त्याच मायेने धावावयाचे तर हातात तुपाच्या वाटीऐवजी मोजमापाचा पेला असावा लागेल, इतकाच फरक. प्रेमाला ज्ञानाची जोड मिळाली की ते कोरडे होते, अशी एक भाबडी समजूत आहे. ज्याच्यावर प्रेम करावयाचे त्याला काय मानवते हे जाणून घेण्याचे कष्ट टाळणारे प्रेम स्वतःवरच अधिक असते.

सर्वांत गंभीर आक्षेप अजून राहिला आहे. माणसांची मुले उपाशी असताना कुत्र्याच्या प्रथिनांचे टक्के मोजावेत काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. तो जव्हार तालुका आणि आपली वसई २०१४ पासून एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीच्या ग्रंथातही या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकत्र ठेवलेल्या आहेत: प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही; आणि मानवी दैन्याच्या निवारणासाठी जो पैसा अग्रक्रमाने खर्च व्हावयास हवा तो प्राण्यांवर खर्च करणेही अनुचित आहे. या दोन विधानांपैकी आपल्या सोयीचे एकच उचलणे हा अप्रामाणिकपणा होईल.

यातून वाट निघते ती गुणवत्ता आणि किंमत यांत भेद केल्याने. प्रौढ कुत्र्याला जे खरोखर लागते ते माफक असते: पुरेशी प्रथिने, योग्य प्रमाणात खनिजे, मोजून दिलेला घास, स्वच्छ पाणी. बाजारातले सर्वांत महाग पाकीट हे या गरजेचे नाव नव्हे. गरजेपलीकडचा जो खर्च आहे, म्हणजे वाढदिवसाचे केक, परदेशी चघळण्या, फॅशनची पाकिटे, तो त्याच्या नावावर मांडलेला आपल्याच हौसेचा खर्च असतो, आणि दारिद्र्याच्या प्रश्नापुढे उत्तर द्यावे लागते ते या खर्चाला. पुरेशा आहाराचे तसे नाही. ज्या जिवाला आपण आपल्या इच्छेने घरात आणले, त्याच्या बाबतीत पुरेसे अन्न हे दान नसून देणे आहे. आणि देणे बुडवून दान करता येत नाही. ज्याला ते देणे झेपणार नाही त्याने कुत्रा न पाळणे हाच प्रामाणिक मार्ग होय. घराच्या ऐपतीपेक्षा मोठ्या जातीचा कुत्रा आणून त्याला अर्धपोटी ठेवण्यात भूतदया नाही आणि प्रतिष्ठाही नाही.

शुभवर्तमानातील कनानी स्त्रीने मेजाखाली पडणाऱ्या चुऱ्याचा दाखला दिला, तो तिच्या लेकीसाठी. त्या दाखल्यात क्रम स्पष्ट आहे. आधी मुले, मग कुत्री. पण तितकेच स्पष्ट हेही आहे की, कुत्री घराबाहेर नाहीत, त्याच मेजाशी आहेत. क्रम मान्य करणे म्हणजे हक्क नाकारणे नव्हे.

चांगले अन्न कोणते, या प्रश्नाचे उत्तर शेवटी इतकेच देता येईल की, जे खाणाऱ्याचे भले करते ते. हे वाक्य सोपे वाटते, पण त्याप्रमाणे वागणे अवघड आहे. कारण देणाऱ्याला आपली चव, आपली ऐपत, आपली माया आणि आपले तत्त्व ही सारी बाजूला सारून दुसऱ्याच्या शरीराकडे पाहावे लागते. लग्नसमारंभात उरलेले अन्न अनाथालयात पाठविताना, पूरग्रस्तांना जुने कपडे देताना, वृद्ध आईवडिलांपुढे ताट ठेवताना आपल्याला हीच कसोटी लागू असते. माणूस कधीतरी तोंड उघडून ती आपल्याला लावील. दाराशी बसलेला कुत्रा ती कधीही लावणार नाही. तो वाडगा चाटूनपुसून स्वच्छ करील, निकृष्ट अन्नाचाही आणि उत्तम अन्नाचाही, आणि दोन्ही वेळा तशीच शेपूट हलवील. म्हणून त्या वाडग्यात काय पडते हे पाहण्याचे काम आपले आपल्यालाच करावे लागते.